हंट्सव्हिलला शिफ्ट होतोय. २७ एप्रिल २०११ बद्दल कोणी सांगेल का?

मुग्धा_के
नमस्कार मंडळी, वाचक जुनी आहे पण धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या. नवऱ्याला अलाबामात हंट्सव्हिलला नोकरी लागलीये, जानेवारीअखेर पुण्यातून निघू. शाळा, भाडं, इंडियन स्टोअर असं शोधता शोधता २७ एप्रिल २०११ वर जाऊन पोचले आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. २५ ते २८ एप्रिल ह्या चार दिवसांत साडेतीनशेच्या वर टोर्नॅडो, तीनशेच्या वर माणसं गेली, त्यातली बहुतेक एकट्या २७ तारखेला आणि त्यातलीही बहुतेक अलाबामात.
मला कळत नाहीये ते असं, की हे काही न सांगता आलेलं नव्हतं. काही दिवस आधीपासून अंदाज होता, त्या दिवशी सकाळपासून हाय रिस्क जाहीर होता, टोर्नॅडो यायच्या आधी सरासरी वीसेक मिनिटं वॉर्निंग मिळत होती. रडार आहे, सॅटेलाईट आहे, गावोगावी भोंगे आहेत. मग एवढी माणसं गेली कशी?
आणि दुसरा प्रश्न आमच्या कामाचा. बजेटमध्ये बसणारी अपार्टमेंट्स सगळी तिसऱ्या मजल्यावरची आहेत आणि तळघर कुठेच नाही. घ्यावं का? नवरा म्हणतो तू उगाच गूगल करत बसतेस.

बटाटेवडा
हे वाक्य लग्नाच्या सर्टिफिकेटवर छापूनच देतात नवऱ्यांना.

कोकणी_खवचट
सांगितलं की माणूस ऐकतो हे कोणी सांगितलं तुम्हाला? जून २०२० ला निसर्ग वादळाच्या आधी आमच्याकडे दोन दिवस दवंडी पिटत होते, शाळेत चला म्हणून. आमचे काका म्हणाले ह्या घरानं एवढी वादळं बघितली, मी हलायचा नाही. माडाचं झाड पडवीवर पडलं तेव्हा हलले.

ढगफुटी
माझा विषय आहे (हवामानशास्त्र, नोकरी दुसरीकडे), म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुग्धाताई, त्या दिवशी वादळ एकदा आलं नाही, तीनदा आलं, आणि तुमच्या "कसं" चं अर्धं उत्तर त्यात आहे. पहाटे चार-पाचपासून वादळांची एक लांब रांग अलाबामावरून गेली. तिच्यातही टोर्नॅडो होते, वारा तर भयंकर. लाखो घरांची वीज गेली, केबल, इंटरनेट गेलं, काही मोबाईल टॉवर आणि हवामान खात्याच्या रेडिओचे काही ट्रान्समीटरही बंद पडले. दुपारच्या सुमारास दुसरी रांग टेनेसी व्हॅलीवरून, म्हणजे तुम्ही जाताय त्याच भागावरून गेली. मग ऊन पडलं. बऱ्याच लोकांना वाटलं झालं एकदाचं, पण त्या उन्हानंच घात केला. मेक्सिकोच्या आखातावरून आलेली दमट गरम हवा खाली, वर प्रचंड वेगाचा जेट स्ट्रीम, आणि जमिनीपासून जसजसं वर जावं तसा वाऱ्याचा वेगही वाढतोय आणि दिशाही बदलतेय. असं जमलं की ढगच्या ढग स्वतःभोवती फिरायला लागतो, तो सुपरसेल. दुपारी दोन-तीननंतर असे सुपरसेल एकामागून एक तयार झाले आणि मिसिसिपीपासून जॉर्जिया-टेनेसीपर्यंत गेले.

म्हणजे सगळ्यात वाईट तासांची वॉर्निंग अशा लोकांना द्यायची होती ज्यांच्या घरात सकाळपासून टीव्ही चालू नव्हता. वॉर्निंग निघाली होती, पोचली नाही.

कॉर्डोव्हा नावाचं छोटं गाव आहे बर्मिंगहॅमच्या वायव्येला. तिथे पहाटे पाचच्या सुमारास एक टोर्नॅडो येऊन गेला, लोक दिवसभर पडझड उपसत होते, आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास त्याच गावावरून दुसरा गेला, पहिल्यापेक्षा मोठा.

हेमंत७१
बाप रे. एकाच दिवसात दोनदा?

निमा
मी ओक्लाहोमात राहते, आमच्याकडे दोन-दोन मैलांवरून सोंड उतरताना दिसते, लोक अंगणात खुर्च्या टाकून बघतात (करू नये पण करतात). अलाबामात तसं नाही. टेकड्या, झाडी, शिवाय टोर्नॅडो बऱ्याचदा पावसात लपलेला असतो, समोर आला तरी नुसती काळी भिंत दिसते. आणि तिकडचे पळतातही जोरात, ताशी ८०-९० किमी. त्यामुळे "बाहेर जाऊन बघून येतो" हा प्रकार तिकडे अजिबात नको.

सांगलीकर_अण्णा
माझं मत स्पष्ट आहे, कोणाला राग आला तरी चालेल. हा देश चंद्रावर जातो आणि घरं बांधतो काडेपेटीची. फोटो बघा अलाबामातल्या त्या टस्कलूसा गावाचे, नुसत्या फळ्या. आपल्याकडे साधा गवंडीसुद्धा कॉलम-बीमशिवाय घर बांधत नाही. आरसीसीचं घर असतं तर निम्मी माणसं वाचली असती. पैसा आहे, अक्कल नाही.

कोकणी_खवचट
अण्णा आले. धागा आता शंभरी गाठणार.

ढगफुटी
अण्णा, तुमचं अर्धं बरोबर आहे म्हणून अर्धंच खोडतो. निसर्ग किनाऱ्यावर आलं तेव्हा वाऱ्याचे झोत ताशी १२० किमीच्या आसपास होते. टस्कलूसा-बर्मिंगहॅमच्या टोर्नॅडोत अंदाजे ३०० च्या वर. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे भिंतीवर येणारा जोर अडीच पट नाही, सहा पटीहून जास्त. काँक्रीटचा सांगाडा उभा राहील कदाचित, पण आपल्या घरात सांगाड्याच्या मध्ये असतात नुसत्या विटा, आणि काचा, आणि गच्चीवर प्लॅस्टिकच्या टाक्या. टोर्नॅडोत माणूस मरतो तो बहुतेक वेळा वाऱ्यानं नाही, वाऱ्याबरोबर उडून आलेल्या वस्तूंनी.

त्या दिवशी चार टोर्नॅडो ईएफ ५ होते, म्हणजे टोर्नॅडोची ताकद मोजायच्या एन्हान्स्ड फुजिता स्केलवरचा सगळ्यात वरचा आकडा. मिसिसिपीत फिलाडेल्फिया आणि स्मिथव्हिल, अलाबामात हॅकलबर्ग-फिल कॅम्पबेल आणि रेन्सव्हिल. फिलाडेल्फियाजवळ त्यानं मोकळ्या रानात दोन-दोन फूट खोल माती खरवडून काढली. स्मिथव्हिलमध्ये एक एसयूव्ही उडून गावच्या पाण्याच्या टाकीवर आदळली आणि पुढे गेली, टाकीला पोचा तसाच. ह्याच्यापुढे कसलं आरसीसी आणि कसलं काय. पण असे टोर्नॅडो फार थोडे असतात, आणि त्यांच्याही वाटेच्या कडेला वारा बराच कमी असतो, तिथे घर नीट बांधलंय का, पायाला बोल्टनं आवळलंय का, ह्यानं जीव वाचतो. तेवढ्यापुरते अण्णा बरोबर.

अनु
ह्यात एक गोष्ट राहतेय. सगळेच "घरात" नव्हते. अलाबामात मोबाईल होममध्ये राहणारे खूप आहेत, म्हणजे कारखान्यात तयार करून ट्रकवरून आणून ठेवलेलं घर. टोर्नॅडोत गेलेल्यांमध्ये ह्या लोकांचा वाटा त्यांच्या संख्येच्या मानानं कितीतरी जास्त असतो, दरवर्षी, दर वादळात. त्यांना "आतल्या खोलीत जा" सांगून उपयोग नाही, तिथे आतली खोलीच सुरक्षित नसते. त्यांनी घर सोडून दुसरीकडे जायचं. कुठे? वीस मिनिटांत, मुलं घेऊन, गाडी असली तर. हा अकलेचा प्रश्न नाही अण्णा, पैशाचाच आहे.

सांगलीकर_अण्णा
हे मान्य. गरिबाचं घर सगळीकडे पत्र्याचंच. २०२३ च्या एप्रिलमध्ये अकोल्याजवळ पारसला मंदिराच्या पत्र्याच्या शेडवर वादळात कडुलिंबाचं झाड पडलं, आत आडोशाला थांबलेली सात माणसं गेली. आडोसाच अंगावर आला.

रॉकेट_सिटी
मुग्धा, मी हंट्सव्हिलची. २०११ च्या आधीपासून इथे आहे, मिस्टर रेडस्टोन आर्सेनलच्या (इथला लष्करी तळ) बाजूला काम करायचे. तुला घाबरवायला लिहीत नाहीये, काय झालं ते सांगते.

आमच्या घराला काही झालं नाही. खिडकीची जाळीसुद्धा फाटली नाही. हॅकलबर्ग-फिल कॅम्पबेलचा टोर्नॅडो, तो सगळ्यात जीवघेणा, एकट्यानं ७२ माणसं घेतली, जमिनीवरून दोनशेच्या वर किलोमीटर चालत आला, तो आमच्या वायव्येकडून हार्वेस्टवरून टेनेसीत गेला. वाटेत त्यानं टीव्हीएच्या (इथली सरकारी वीज कंपनी) हाय टेन्शन लाईनचे मनोरे आडवे केले. ब्राउन्स फेरीचं अणुकेंद्र आहे जवळच, त्याला बाहेरून येणारी वीज तुटली, तिन्ही रिअ‍ॅक्टर आपोआप बंद झाले आणि डिझेल जनरेटरवर थंड ठेवावे लागले. फुकुशिमा होऊन दीड महिनाच झाला होता, त्यामुळे ती बातमी ऐकून पोटात गोळा आला होता. पुढे काही झालं नाही, जनरेटर चालले.

पण वीज गेली ती अख्ख्या शहराची, आणि आठवडाभर नव्हती. वीज नाही म्हणजे काय हे आपल्याला लोडशेडिंगमुळे वाटतं की माहितीये. नाही गं. इथे वीज नाही म्हणजे पेट्रोल पंप बंद कारण पंप विजेवर, एटीएम बंद, कार्ड बंद, दुकान उघडं असलं तरी रोख पैसे मागतात आणि रोख पैसे कोणाकडेच नसतात. रात्रीची संचारबंदी लागली. आमची शेगडी इलेक्ट्रिकची. शेजारच्या गोऱ्या आजोबांकडे गॅसची ग्रिल होती, तिच्यावर मी कुकर लावला. शिट्टी झाली तेव्हा ते बिचारे गॅरेजमध्ये पळाले.

सगळ्यांचे फ्रीजर वितळायला लागले तसं गल्लीत रोज जेवणावळ. त्यांचं बार्बेक्यू, आमचे मटारचे पराठे, समोरच्या कोरियन बाईंचं काहीतरी लाल. कुठली वस्तू आधी संपवायची ह्यावर मतभेद होत होते आणि चाळीस मैलांवर लोक माणसं शोधत होते. ते दोन्ही एकाच वेळी चालू होतं आणि मला अजूनही त्याचा मेळ घालता येत नाही.

बटाटेवडा
कुकरची शिट्टी ऐकून गॅरेजमध्ये, हसून हसून पुरेवाट. त्या आजोबांना साष्टांग नमस्कार.

टस्कलूसाकर
हे इथे लिहू की नको असं करत होतो. मी तेव्हा युनिव्हर्सिटी ऑफ अलाबामात एमएसच्या पहिल्या वर्षाला होतो. आम्ही लॅबच्या इमारतीत खालच्या मजल्यावर जाऊन बसलो होतो, पाचच्या पुढे. तिथे वीज होती, टीव्हीवर जेम्स स्पॅन, तिकडचा हवामान सांगणारा, चालू. तिकडच्या लोकांसाठी तो घरातलाच माणूस, कोट काढून शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि गॅलस दिसले की लोक समजतात आज गंभीर आहे. टॉवरवरच्या कॅमेऱ्यातून टोर्नॅडो लाईव्ह दाखवत होते. आमचंच गाव, ओळखीच्या इमारती, आणि मागे ते. जवळपास अडीच किलोमीटर रुंद होता तो जास्तीत जास्त. मग वीज गेली.

कॅम्पसला जवळजवळ काही झालं नाही. दक्षिणेकडून पंधराव्या स्ट्रीटनं, मॅकफार्लंड बुलेव्हार्डवरून अल्बर्टाकडे गेला आणि तिथून बर्मिंगहॅमपर्यंत. त्या एकात ६४ माणसं गेली. आमच्या युनिव्हर्सिटीचे सहा विद्यार्थी. फायनल परीक्षा रद्द झाल्या, पदवीदान ऑगस्टमध्ये झालं.

घरी फोन लागेना, एसएमएस तेवढे जात होते कधी कधी. रात्री उशिरा एकदाचा आईशी बोललो तर तिला काही माहीतच नाही. आपल्याकडच्या चॅनेलवर त्या दिवशी सत्यसाईबाबांचे अंत्यसंस्कार, दोन दिवसांनी विल्यम-केटचं लग्न, आणि मग लादेन. मी सांगत होतो गाव गेलं आणि ती विचारत होती जेवलास का. पहिल्यांदा राग आला. मग आठवलं की खरंच जेवलो नव्हतो.

हेमंत७१
+१. आया सगळ्या सारख्याच.

अनु
टस्कलूसाकर, लिहिलंत हे बरं केलंत. सावकाश अजून लिहा वाटलं तर.

टस्कलूसाकर
धन्यवाद. एक चांगली गोष्ट लिहितो, नाहीतर धागा फारच जड होईल. अलाबामा आणि ऑबर्न ह्या दोन युनिव्हर्सिटींचं फुटबॉलवरून जे वैर आहे ते तिथे राहिल्याशिवाय कळत नाही, भारत-पाकिस्तान मॅच वर्षभर चालू असल्यासारखं. त्याच वर्षी फेब्रुवारीत बातमी आली होती की आमच्या एका चाहत्यानं ऑबर्नच्या टूमर्स कॉर्नरवरच्या जुन्या ओक झाडांना विष घातलं. एवढं विकोपाला गेलेलं. आणि एप्रिलमध्ये वादळानंतर ऑबर्नच्याच लोकांनी "टूमर्स फॉर टस्कलूसा" नावानं ग्रुप काढला आणि ट्रक भरभरून पाणी, ताडपत्र्या, डायपर घेऊन आले. नारिंगी टी-शर्टवाले आमच्या गावात झाडं कापतायत आणि कोणी शिवी देत नाहीये, हे मी बघितलंय.

कोकणी_खवचट
अवांतर: वर "फिल कॅम्पबेल" वाचून मला वाटलं माणूस आहे, शोधलं तर गाव निघालं, रेल्वेच्या एका इंजिनिअरच्या नावावरून. आणि पुढची गंमत म्हणजे २०११ मध्ये त्या गावाला शंभर वर्षं होत होती म्हणून जगातल्या फिल कॅम्पबेल नावाच्या सगळ्या लोकांनी जूनमध्ये तिथे जमायचं ठरवलं होतं. एप्रिलमध्ये गाव उद्ध्वस्त झालं. तर त्यांनी बेत रद्द नाही केला, पैसे गोळा केले आणि मदतीला आले, काही तर परदेशातून. एका नावाचे एवढे लोक एका कामाला लागलेत हे आपल्याकडे फक्त "सचिन" नावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होऊ शकतं, आणि तिथेही पहिल्याच दिवशी अ‍ॅडमिन कोण ह्यावरून फाटेल.

ढगफुटी
अवांतरात माझीही भर. हॅकलबर्गला जीन्सचं मोठं गोदाम होतं, ते गेलं, आणि जीन्स कित्येक मैलांवर सापडत होत्या. लोकांचे फोटो, चेक, पुस्तकांची पानं दुसऱ्या राज्यात जाऊन पडली. त्यासाठी फेसबुकवर एक पान निघालं, सापडलेली वस्तू टाकायची, ज्याची असेल त्यानं ओळखायची. पुढे जॉर्जिया युनिव्हर्सिटीच्या लोकांनी त्याच पानावरून कुठली वस्तू कुठून कुठे गेली ह्याचा अभ्यास केला. एक फोटो फिल कॅम्पबेलहून टेनेसीत लेनोर सिटीपर्यंत गेला होता, जवळपास साडेतीनशे किलोमीटर. इकडून पुण्याहून निघाला तर सोलापूरच्याही पुढे जाऊन पडेल.

खरगपूरचा_माजी
अमेरिकेचं सगळं नोंदलेलं असतं म्हणून दिसतं. मार्च १९९८ मध्ये मी खरगपूरला शिकत होतो. २४ तारखेला दांतन आणि पलीकडे ओडिशात जलेश्वरच्या बाजूला टोर्नॅडो आला, दीडशेच्या वर माणसं गेली. आमच्या हॉस्टेलपासून बसनं जायचं गाव. कितीजणांना आठवतंय? आणि सगळ्यात जास्त माणसं मारणारा टोर्नॅडो अमेरिकेतला नाहीच, बांगलादेशातला, मानिकगंज जिल्ह्यातला, २६ एप्रिल १९८९. तेराशेच्या आसपास. तिथे ना भोंगा ना वॉर्निंग ना पक्कं घर. मुग्धाताईंचा प्रश्न उलटा करून बघा. एवढी वॉर्निंग असून तीनशे का, असं विचारतोय आपण. १९७४ च्या एप्रिलमध्ये असाच उद्रेक झाला होता, १४८ टोर्नॅडो, तेव्हाही तीनशेच्या वरच गेले होते. २०११ ला टोर्नॅडो दुपटीहून जास्त, आणि लोकसंख्याही केवढी वाढलेली. वॉर्निंग नसती तर?

निमा
हे बरोबर आहे पण पूर्ण नाही. वॉर्निंगचा एक दुसरा त्रास मी इथे रोज बघते. तेव्हा देशभरात चारातल्या साधारण तीन टोर्नॅडो वॉर्निंग्ज फुकट जायच्या, म्हणजे टोर्नॅडो यायचाच नाही. बऱ्याच काउंट्यांत (आपल्या जिल्ह्यासारखं) एका कोपऱ्यात धोका असला तरी सगळ्या काउंटीभर भोंगा वाजायचा. महिन्यातून एकदा टेस्ट, त्याचाही भोंगा. माणूस किती वेळा लेकरं घेऊन कपाटात बसणार? पहिला भोंगा झाला की लोक टीव्ही लावतात, शेजाऱ्याला फोन करतात, दार उघडून बघतात. दुसऱ्या कोणाकडून तरी खात्री पटेपर्यंत हलत नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात मिसूरीत जॉपलिनला एका टोर्नॅडोत दीडशेच्या वर गेले, तिथल्या चौकशीतही हेच निघालं.

ढगफुटी
निमा +१. आणि एक बदल लक्षात घ्या, मुग्धाताई. २०११ ला मोबाईलवर आपोआप येणारे कर्कश अलर्ट नव्हते, ते २०१२ च्या वसंतात सुरू झाले. त्यानंतर रडारही बदललं, आता हवेत उडणारा कचरा आणि पाऊस वेगळा ओळखता येतो, म्हणजे रात्रीच्या अंधारातही "टोर्नॅडो जमिनीवर आहे आणि मोडतोड करतोय" असं ठामपणे सांगता येतं. वॉर्निंगच्या मजकुरातही आता तसं स्पष्ट लिहितात. तरीसुद्धा डिसेंबर २०२१ ला केंटकीत मेफील्डवरून गेलेल्या टोर्नॅडोत ५७ लोक गेलेच, रात्री. त्यातले काही मेणबत्तीच्या कारखान्यात शिफ्टवर होते. तेव्हा तंत्र सुधारलं म्हणून निर्धास्त होऊ नका, पण २०११ ची परिस्थिती जशीच्या तशी नाहीये.

मुग्धा_के
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. टस्कलूसाकर, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. गप्प बसला. नंतर म्हणाला हार्वेस्टकडे एक स्वस्त घर भाड्यानं आहे, तळमजलाच आहे, ते बघूया. रॉकेट_सिटी काकू, हे तेच हार्वेस्ट का?

रॉकेट_सिटी
तेच गं बाई. तिथे अँडरसन हिल्स म्हणून वस्ती आहे, तिला १९९५ ला लागला, २०११ ला लागला, परत मार्च २०१२ ला त्याच बाजूला. जवळच टॅनरला १९७४ मध्ये अर्ध्या तासाच्या अंतरानं दोन मोठे येऊन गेले. इथले लोक त्या भागाला लोहचुंबक आहे म्हणतात.

ढगफुटी
काकू, लोहचुंबक वगैरे काही नाही हो. मोकळा भाग, वस्ती वाढली, आणि योगायोग. दक्षिण हंट्सव्हिलला, अगदी शहराच्या मध्यात, एअरपोर्ट रोडवर १५ नोव्हेंबर १९८९ ला ऑफिस सुटायच्या वेळी आला होता आणि २१ माणसं गेली, तो भाग लोक सोडून गेले नाहीत. नोव्हेंबरही लक्षात ठेवा, दक्षिणेत वर्षातून दोन सीझन असतात. घर निवडताना गावाचा कुठला कोपरा हे बघण्यापेक्षा घरात कुठे बसणार ते बघा.

रॉकेट_सिटी
तू शास्त्र सांग, मी तिला हार्वेस्ट घेऊ देणार नाही.

हेमंत७१
भाबडा प्रश्न, तिकडे तळघर का नाही बांधत? माझ्या भावाकडे मिशिगनला केवढं मोठं आहे, टेबल टेनिस खेळतात खाली.

अनु
मिशिगनला थंडीत जमीन खोलपर्यंत गोठते, पाया त्याच्याही खाली न्यावा लागतो. एवढं खणलंच आहे तर थोडं अजून खणून तळघर. अलाबामात जमीन जेमतेम काही इंच गोठते, पाया उथळ चालतो, मग बिल्डर कशाला खणेल? शिवाय चिकणमाती, काही ठिकाणी खाली चुनखडी आणि पाणी. त्याऐवजी लोक गॅरेजमध्ये किंवा अंगणात स्टीलचं किंवा काँक्रीटचं सेफ रूम बसवतात. भाड्याच्या घरात अर्थात नाही मिळत. २००७ ला अलाबामातच एंटरप्राइजच्या हायस्कूलमध्ये आठ विद्यार्थी गेले, त्यानंतर राज्यात नवीन शाळांना सेफ जागा बांधायचा कायदा झाला. मुग्धा, मुलांची शाळा बघताना इमारत कधीची आहे हे विचार.

निमा
आणि हेल्मेट. हसू नका. २०११ नंतर बर्मिंगहॅमच्या युनिव्हर्सिटीतल्या इंज्युरी रिसर्चवाल्यांनी सांगितलं की बरेच मृत्यू डोक्याला, मानेला मार लागून होतात, घरात जे असेल ते हेल्मेट घाला. सायकलचं, बेसबॉलचं, काहीही. फक्त ऐनवेळी शोधत बसू नका, जिथे लपायचं तिथेच ठेवा. बूट पण तिथेच, नंतर काचांवरून चालायचं असतं.

बटाटेवडा
पुणेकर. हेल्मेट. स्वखुशीनं. धागा इथे संपवावा.

मुग्धा_के
बटाटेवडा, मी सक्तीच्या विरोधात आहे, हेल्मेटच्या नाही :)

सांगलीकर_अण्णा
मुलांना क्रिकेटचं जाळीवालं घ्या. तोंडही वाचतं.

ढगफुटी
अण्णांशी आज दुसऱ्यांदा सहमत, तारीख लिहून ठेवतो.
मुग्धाताई, तिसऱ्या मजल्याचं उत्तर द्यायचं राहिलंच. घेऊ नका, पर्याय असेल तर. वरचा मजला आणि छप्पर आधी जातं. तळमजला, आणि त्यात अशी बाथरूम किंवा क्लोझेट जिला बाहेरची भिंत आणि खिडकी नाही. बघायला जाल तेव्हा हॉल केवढा आहे हे नंतर बघा, आधी ती बाथरूम बघा, चौघं मावतात का. खिडक्या उघडायच्या वगैरे जुन्या समजुती सोडून द्या, त्यात वेळ जातो आणि फायदा शून्य. रस्त्यात असाल तर पुलाखाली थांबायचं नाही, तिथे वारा उलट जास्त जोरात घुसतो. आणि बॅटरीवर चालणारा वेदर रेडिओ घ्या, आपल्या काउंटीचा कोड टाकून ठेवा, म्हणजे रात्री दोनला फक्त तुमच्या काउंटीच्या वॉर्निंगलाच वाजेल. फोन, रेडिओ, टीव्ही असे किमान दोन वेगळे मार्ग ठेवा, २०११ ला ज्यांचा एकच होता त्यांचा तो सकाळीच गेला होता.

टस्कलूसाकर
एक मी सांगतो. काही कॉम्प्लेक्समध्ये क्लबहाऊस किंवा ऑफिस हेच शेल्टर असतं असं सांगतात. लीजिंगवाल्यांना विचारा रात्री त्याची चावी कोणाकडे असते. मी एका ठिकाणी विचारलं तर म्हणे ऑफिस सकाळी नऊला उघडतं.

मुग्धा_के
आत्ताच मेल केला. तळमजल्यावरचं एक मार्चमध्ये रिकामं होतंय म्हणे, तोपर्यंत तिसऱ्यावर राहा. म्हणजे नेमका सीझन सुरू होताना हातात येणार. चावीबद्दल विचारलं तर "ग्रेट क्वेश्चन" असं उत्तर आलं आणि पुढे काहीच नाही.

रॉकेट_सिटी
जानेवारी-फेब्रुवारीतही येतात, तेव्हा मार्चपर्यंतची सोय आत्ताच कर. खालच्या मजल्यावरच्यांशी पहिल्या आठवड्यात ओळख करून घे आणि सरळ विचार, वॉर्निंग आली तर आम्ही मुलांना घेऊन तुमच्याकडे आलो तर चालेल का. इथे कोणी नाही म्हणत नाही गं. उलट आमच्या कॉम्प्लेक्समध्ये आम्ही तळमजल्यावर होतो तेव्हा वरची मंडळी रात्री अकराला उशा आणि मांजर घेऊन यायची. आणि मला विपू (विचारपुशीत निरोप) कर, माझा नंबर देते. वीज गेली तर आता माझ्याकडे गॅसची ग्रिल आहे.

बटाटेवडा
खाली ओळख करायला जाताना चकल्या न्या. कुकर नको.